शक्यता नाकारता येत नाही

टकटकरावांना कुणी चहा दिला की ते आधी चहाकडे बघायचे नाहीत, देणाऱ्याकडे बघायचे. घर विकायला काढलेला माणूस घर तपासायला आलेल्याला चहा कशाला पाजेल? सोबत बिस्किटं आली की संपलंच. बिस्किटांच्या घरात ते माळ्यावर दुप्पट वेळ घालवायचे.

त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनखेरीज ते कुणी वाचत नसे. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने ते चौकटी, वासे, फळ्या, जे दिसेल ते टकटक करत हिंडायचे, म्हणून टकटकराव. भरीव लाकडाचा आवाज वेगळा आणि वाळवीने आतून खाल्लेल्या लाकडाचा वेगळा. लग्नाआधी पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हा म्हणे होणाऱ्या सासऱ्यांशी दोन शब्द बोलायच्या आधी त्यांनी दाराची चौकट ठोकून पाहिली होती. "चौकट भरीव निघाली म्हणून माझं लग्न झालं," असं त्यांची बायको तीस वर्षं येईल त्याला ऐकवत होती, आणि टकटकरावांनी ते एकदाही खोडून काढलं नव्हतं.

धंदा सरळ होता. घर घ्यायला निघालेली माणसं पैसे मोजायच्या आधी त्यांना बोलवायची. हे जाऊन ओल, तडे, गळती आणि वाळवी शोधायचे आणि लेखी अहवाल द्यायचे. अहवाल बरा आला की सौदा पुढे जायचा, वाईट आला की मोडायचा. त्यामुळे अर्ध्या शहराचा त्यांच्यावर राग होता, आणि तोच राग म्हणजे आपल्या कामाची पावती आहे असं ते मानायचे.

विकणाऱ्यांच्या सगळ्या लबाड्या त्यांना पाठ होत्या. खोलीच्या चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग असेल तर त्या भिंतीत ओल आहे. सकाळपासून सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतील तर एरवी बंद घराला कुबट वास येत असणार. सतरंजी नको त्या कोपऱ्यात अंथरली असेल तर ती उचलायची. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मालक स्वतः. घर दाखवता दाखवता मालक ज्या जागेसमोर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागतो, ती जागा आधी बघायची. "माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण पाय बरोबर दुखऱ्या जागेपाशी नेऊन उभे करतात," असं ते म्हणायचे.

हे ते कुणाला म्हणायचे? लेकीला. बायकोला वाळवीच्या गोष्टींचा मनस्वी कंटाळा. ती म्हणायची, जेवताना तरी त्या किड्यांना बाहेर ठेवा. लेक मात्र शाळेत असल्यापासून ऐकत आलेली. गेली बारा वर्षं अहवालही तीच टाइप करत होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती मशीन उघडून बसायची, टकटकराव हात मागे बांधून येरझाऱ्या घालत सांगायचे, ती लिहायची. त्यांचं सांगणं तुटक असायचं. "न्हाणीघर. पूर्वेची भिंत. ओल, गुडघ्यापर्यंत. नळ गळतो." एवढंच. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, शेवटी 'घर घ्या' किंवा 'घेऊ नका' असं का लिहीत नाही आपण?" त्यावर ते म्हणाले होते, "ते आपलं काम नाही. आपण दिसलं ते लिहायचं. घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं." बारा वर्षांत 'घ्या' हा शब्द एकाही अहवालात आला नव्हता.

लेकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं ती नवऱ्यासह त्याच घरात, वरच्या एका खोलीत राहत होती. अहवाल संपला की ती जिना चढून वर जायची. जिन्याची तिसरी पायरी करकरायची. जगाच्या पायऱ्यांवर शेरे मारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरातली पायरी कधी दुरुस्त केली नव्हती. बायको कुरकुरायची, "लोकांच्या घरात एवढी अक्कल पाजळता, ही एक फळी बदला की." ते नुसते हं म्हणायचे. ती पायरी वाजली की लेक घरात आहे, वर गेली, आता दिवा मालवेल, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. पण हे ते कुणाला कशाला सांगतील?

जावई चष्म्याच्या दुकानात होता. शांत, कामाशी काम, आवाज चढवून बोलणं त्याला माहीत नव्हतं. इतका शांत माणूस टकटकरावांच्या पचनी पडत नसे. "काहीतरी असणारच," ते बायकोला म्हणायचे. "अहो, काय असणार?" "तेच तर कळत नाही ना!" तीन वर्षांत काही सापडलं नव्हतं, आणि न सापडल्यामुळे संशय उलट बळावला होता.

तर हे दोघं घर शोधत होते. एका खोलीत किती दिवस काढणार? पाहिलेलं प्रत्येक घर आधी टकटकरावांनी तपासायचं, हे न बोलता ठरलेलंच होतं. घरात डॉक्टर असताना माणूस बाहेर कशाला जाईल? सात घरं झाली आणि सातही बाद झाली. एकाच्या पायाचा भरवसा नव्हता, एकाच्या छपराचा, एकाच्या भिंतीत म्हणे पाणी मुरत असावं. पहिल्या दोन घरांच्या वेळी लेकीने बाबांचे आभार मानले, तिसऱ्या-चौथ्याला ती हिरमुसली. सातव्याच्या वेळी अहवाल टाइप करून झाल्यावर ती मशीन मिटून तडक उठली, आणि त्या रात्री पायरी जरा जास्तच जोरात वाजली.

आठवं घर निघालं ग्रंथपालबाईंचं. बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या. आता बहिणीकडे जाऊन राहायचं म्हणून घर विकायला काढलेलं. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बैठं, चार खोल्यांचं, मागे थोडी मोकळी जागा. लेकीने बाहेरून पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की टकटकरावांच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

बाईंनी दार उघडलं ते हातात कागद घेऊनच. "या. तुमचा वेळ वाचावा म्हणून मीच यादी करून ठेवलीय. स्वयंपाकघरातली खिडकी नीट लागत नाही. पावसात मागच्या दाराखालून पाणी येतं. न्हाणीघराच्या दोन फरशा हलतात. चहा घेणार?"

"नको," टकटकराव म्हणाले.

यादीत एकोणीस दोष होते, सुवाच्य अक्षरात, क्रमाने. टकटकरावांनी आयुष्यात शेकड्यांनी लबाड पाहिले होते, पण हा नमुना नवीन होता. स्वतःच्या घराचे दोष कुणी स्वतः लिहून देतं का? एकोणीस बारीक गोष्टी कबूल करायच्या आणि विसावी मोठी पोटात ठेवायची, असला हा डाव. बरं, बाई कुठल्या जागेसमोर उभ्या राहतात ते बघावं, तर त्या उभ्याच राहिनात. "तुमचं चालू द्या," म्हणून त्या ओसरीवर जाऊन पुस्तक वाचत बसल्या. आता याला काय म्हणावं? मुरलेली दिसते, टकटकरावांनी मनाशी म्हटलं.

मग त्यांनी घर पिंजून काढलं. माळ्यावर चढले, तुळया ठोकल्या, नळाखाली हात घातला, ओल मोजायचं यंत्र भिंतीभिंतीला लावलं. तीन तास गेले. यादीतले एकोणीस दोष बरोबर जागच्या जागी निघाले, आणि विसावा काही केल्या मिळेना. शेवटची खोली मागची. तिथे एक अख्खी भिंत व्यापणारं पुस्तकांचं कपाट होतं, जमिनीपासून छतापर्यंत ठासून भरलेलं.

बाई दारात आल्या. "हे हलवायचं असेल तर आधी रिकामं करावं लागेल. एक दिवस द्या, करते मी."

टकटकरावांनी कपाटाकडे पाहिलं. मागची भिंत दिसत नव्हती. तीस वर्षांत त्यांनी पियानो हलवले होते, गच्च भरलेले फ्रिज हलवले होते, एकदा तर एका आजोबांना पलंगासकट हलवलं होतं. "राहू द्या," ते म्हणाले. "एवढ्यावर भागेल." आणि हत्यारांची पेटी उचलून निघालेसुद्धा.

संध्याकाळी टेबलाशी लेक बसली. जावईही आज वर न जाता खुर्चीच्या टोकावर बसला होता. टकटकराव येरझाऱ्या घालू लागले. एकोणीस दोष झाले. मग ते खाकरले.

"मागील खोलीतील पुस्तकांच्या कपाटामागील भिंतीची तसेच त्याखालील लाकडी जमिनीची प्रत्यक्ष तपासणी होऊ न शकल्याने, सदर भागात वाळवीचा प्रादुर्भाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मशीनचा आवाज थांबला. लेकीने वाक्य लिहिलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती बाबांकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही कपाट न हलवता परत आलात?"

"भरलेलं होतं."

"तुम्ही? कपाट न हलवता?"

लेक उठली. जुन्या अहवालांच्या प्रती भिंतीतल्या कपाटात, वर्षावर्षाच्या गठ्ठ्यात ठेवलेल्या असत. ती तिकडे वळते न वळते तोच टकटकराव लगबगीने पुढे झाले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"आज उकाडा फार आहे, नाही?" ते म्हणाले. "वाराच पडलाय."

आपण कुठे उभे आहोत आणि काय बोलतो आहोत हे मग त्यांच्याच ध्यानात आलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाबा, बाजूला व्हा," लेक हळूच म्हणाली.

ते बाजूला झाले. तिने सात अहवाल काढून टेबलावर मांडले. कुठलं पान उघडायचं हे तिला शोधावं लागलं नाही. "पायात दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. छप्पर गळण्याची शक्यता नाकारता येत नाही. पाणी मुरण्याची शक्यता नाकारता येत नाही. सात घरं, बाबा, आणि सातही वेळा हेच वाक्य. बाहेरच्या लोकांसाठी बारा वर्षांत हे वाक्य तुम्ही मला चारदा सांगितलंय. मीच टाइप करते ना, मला माहीत आहे. तुम्हाला काही सापडलं की तुम्ही तीन शब्दांत सांगता. सापडलं नाही की असं लांबलचक बोलता."

"मी तुझ्या काळजीपोटी..." टकटकरावांचा आवाज चढला. "सगळं जग लुटायला बसलंय! तुम्हाला काय कळतं घरांतलं? उद्या छत डोक्यावर आलं म्हणजे..."

"यांनी बदली मागितलीय," लेक म्हणाली. "दुकानाची दुसऱ्या शहरात शाखा आहे. इथे घर मिळत नाही, तर तिकडे जाऊ. मीच म्हटलं, एक शेवटचं बघू. शनिवारपर्यंत कळवायचं आहे."

टकटकरावांनी जावयाकडे पाहिलं. तीन वर्षं ज्याच्यात काहीतरी शोधत होते तो माणूस मान खाली घालून बसला होता. "तुम्हाला दुखवायचं नव्हतं, बाबा," तो म्हणाला. "सातही वेळा मला वाटलं, की मीच तुम्हाला पसंत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको ऐकत होती. एरवी तिने काहीतरी टोमणा मारलाच असता. आज ती एवढंच म्हणाली, "अहो, लेक जाणार म्हणून घाबरलात, तर तसं सांगायचं. त्या बिचाऱ्या घरांवर कशाला आळ घेता?"

त्या रात्री टकटकरावांना झोप लागली नाही. आपण खोटं लिहिलं का, हे ते स्वतःला विचारत राहिले. खोटं एकही अक्षर नव्हतं. शक्यता खरंच नाकारता येत नव्हती, ती कुणाच्याच घराची कधी येत नाही. पण सगळ्या जगावर नजर ठेवताना एक माणूस त्यांच्या नजरेतून सुटला होता, आणि तोच रोज त्यांच्या चपला घालून हिंडत होता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी आठला ते बाईंच्या दारात हजर. "कपाट रिकामं करायचंय. मी लागतो हाताशी."

बाईंनी पदर खोचला. दोघं मिळून पुस्तकं उतरवू लागले. बाई प्रत्येक पुस्तकावरून फडकं फिरवून ते विषयवार गठ्ठ्यात ठेवायच्या, त्यामुळे दुपारपर्यंत कपाट जेमतेम निम्मं झालं. खालच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक टकटकरावांनी ओढलं आणि ते जागीच थबकले. वजन कमी होतं. बाहेरून पुठ्ठा शाबूत, कणा नीट, सोनेरी अक्षरं जागच्या जागी. उघडलं तर पानं नव्हतीच. आत माती होती, आणि मातीत बारीक पांढरं काहीतरी वळवळत होतं.

बाईंनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "हे मला माहीत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नव्हतं. नाहीतर यादीत लिहिलं असतं मी." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. घराची किंमत पडणार म्हणून त्या रडत नव्हत्या. ते रिकामं पुस्तक त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. टकटकरावांनी सवयीने त्यांच्या चेहऱ्यावर संशयाची नजर टाकली, शोध शोध शोधलं आणि पहिल्यांदाच शोधणं सोडून दिलं.

"चहा करता का?" ते म्हणाले. "मीही घेईन."

मग उरलेली पुस्तकं उतरवून त्यांनी कपाट ओढलं. भिंतीच्या कडेने बोटभर जाड मातीची नळी वर चढली होती. जमिनीच्या तीन फळ्या ठोकल्या, तिन्ही पोकळ वाजल्या. चौथी भरीव होती, पाचवीही. मग छताला लागून तुळई होती तिथे शिडी लावली आणि ती वीत वीत सोडून ठोकत गेले. एरवी ते पोकळ आवाजाची वाट बघायचे. आज प्रत्येक ठोक्याला त्यांचा जीव टांगणीला लागत होता. तुळई टोकापासून टोकापर्यंत भरीव निघाली.

घरी येताना त्यांच्या डोक्यात दोन विचार भांडत होते. सांगितलं, तर लेक म्हणेल, आठव्यांदा तेच. आज वाळवी खरी होती, हातात धरलेली होती, आणि ती खरी मानायला तिच्याकडे काय कारण उरलं होतं? मग न सांगावं? तीन फळ्या चुपचाप बदलून घ्याव्यात, औषध मारून घ्यावं, कुणाला कळणारही नाही. हा विचार मनात आला आणि रस्त्यातच त्यांचे पाय अडखळले. आजवर ज्यांना लबाड म्हणत आले ते सगळे मालक नेमकं हेच तर करत होते.

संध्याकाळी लेकीने मशीन उघडलं. तिचा चेहरा कोरा होता. जावई वर होता, खाली आलाच नव्हता. टकटकराव आज येरझाऱ्या न घालता तिच्यासमोर खुर्चीवर बसले.

"कालचं वाक्य लिहिलं नव्हतंस ना?"

"नाही."

"मग लिही. मागची खोली. दक्षिणेची भिंत. वाळवी. जिवंत."

लेकीची बोटं चालू झाली.

"जमिनीच्या तीन फळ्या पोकळ. बदलाव्यात. कपाट जाळावं. भिंतीच्या कडेने औषध. तुळई ठोकली. भरीव."

ती लिहीत गेली आणि शेवटच्या शब्दाला थांबली. लिहिलेलं तिने मनातल्या मनात एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. टकटकरावांनी श्वास रोखून धरला होता. तुझी शपथ, खरं आहे गं, असं म्हणायला ते तोंड उघडणार होते, पण लेकीने विचारलं तेही फक्त कामाचं.

"पसरली किती आहे?"

तिचा विश्वास बसला होता. टकटकरावांना खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

"एका भिंतीपुरती. वर पोचलेली नाही. महिन्याभरात निघेल. मी स्वतः उभा राहून काढून घेईन."

"बरं. मग संपला अहवाल?"

"नाही. अजून एक ओळ आहे." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "निष्कर्ष. घर घ्यावं."

लेकीने मान वर केली. "हे लिहू? आपण लिहीत नाही ना, असं?"

"लिही."

तिने लिहिलं. नेहमी ती कागद काढून बाबांना सहीला द्यायची, आज तिला तेवढाही दम निघाला नाही. ती खुर्ची सारून उठली, बाबांच्या खांद्यावर क्षणभर हात टेकवला आणि नवऱ्याला सांगायला जिन्याकडे धावली. तिसरी पायरी करकरली. टकटकराव मान तिरकी करून, डोळे मिटून, तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिले.